अवजार शिक्षकाच्या हाती

कात्रपला आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक प्राथमिक शिक्षिका राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या दुसरीचा वर्ग शिकवितात. गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी दुपारी त्यांच्या घरी चार-पाच शिक्षक जमू लागले. भिशी असावी, असा माझा समज होता. एका रविवारी बाई स्वतःच खाली आल्या आणि म्हणाल्या, "सर, पाच मिनिटे वर येता का? आमचे यंत्र सत्तावीसला संख्या मानायला तयार नाही." अर्थशास्त्राच्या माणसाकडे असे गाऱ्हाणे यापूर्वी कोणी आणले नव्हते. मी गेलो, आणि पाच मिनिटांऐवजी संध्याकाळचे सात वाजेपर्यंत तेथेच बसलो.

ही मंडळी गणिताच्या कृती संगणकासाठी स्वतः लिहावयास शिकत होती. कृती म्हणजे केवळ चित्रफीत नव्हे. मुलाने काही करावे, यंत्राने त्याला प्रतिसाद द्यावा आणि त्या प्रतिसादातून मुलाने पुन्हा विचार करावा, अशी ती रचना असते. बाईंच्या कृतीत मुलाने उत्तर म्हणून २७ असे देवनागरी अंकांत लिहिले की पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरे उमटत. त्यांचा अर्थ 'ही संख्याच नव्हे' असा होता. १९९५ साली अमेरिकेत जन्मलेल्या ज्या जावास्क्रिप्ट भाषेत ही आज्ञावली लिहिली होती, तिला फक्त आंतरराष्ट्रीय अंकच ठाऊक. मुरबाडकडच्या पाड्यावरील मुलाने बालभारतीच्या पुस्तकात पाहून अचूक गिरविलेला अंक तिच्या लेखी अंकच नाही.

उपाय सापडला तो गमतीदार होता. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला यंत्राच्या कोष्टकात एक क्रमांक दिलेला असतो. आंतरराष्ट्रीय शून्याचा क्रमांक ४८, तर देवनागरी शून्याचा २४०६. दोन्हीकडे पुढील अंक ओळीने येतात. म्हणून प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम होते. ही वजाबाकी बाईंनी आपल्या आज्ञावलीत लिहिली आणि सत्तावीस ही पुन्हा एकदा संख्या झाली. त्या क्षणी त्या खोलीत जो आनंद पसरला, तो मी माझ्या चौतीस वर्षांच्या अध्यापनात फार थोड्या वेळा पाहिला आहे. आपण वापरीत असलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे हे कळले आणि ते आपल्याला बदलता आले, याचा तो आनंद होता. श्रमिकाच्या मुक्तीविषयी आपण इतके बोलतो, इतके लिहितो; तिचा एक लहानसा तुकडा कात्रपच्या एका दोन खोल्यांच्या घरात प्रत्यक्ष पाहावयास मिळाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

येथे एक कबुली देणे भाग आहे. १९८३ साली बँकांतील यांत्रिकीकरणासंबंधी कर्मचारी संघटना व बँकांचे व्यवस्थापन यांच्यात करार झाला, तेव्हा मी विद्यार्थी होतो आणि संगणकाला विरोध करणाऱ्यांच्या बाजूने तावातावाने भांडत असे. यंत्र माणसाच्या हातचे काम घेते, हे आमचे म्हणणे खोटे नव्हते. पण यंत्राला 'हो' की 'नाही' एवढ्यावरच आम्ही थांबलो. यंत्राला आज्ञा कोण देणार, हा प्रश्न विचारावयास आम्ही विसरलो. १९७४ साली हॅरी ब्रेव्हरमन या अमेरिकन कामगार-लेखकाने भांडवली श्रमप्रक्रियेचे जे विवेचन केले, त्याचा गाभा हाच होता: कामाची कल्पना करणारे डोके एकीकडे आणि ती अमलात आणणारे हात दुसरीकडे, अशी फाळणी झाली की कामगाराचे कसब हिरावले जाते. गिरणीतील कामगाराच्या बाबतीत हे आपल्याला चटकन दिसते. शिक्षकाच्या बाबतीत दिसत नाही, कारण त्याला आपण मध्यमवर्गीय म्हणून बाजूस ठेवतो.

शिक्षकाचे कसब कशात आहे? पुन्हा त्या सत्तावीसकडेच जाऊ. मराठीत आपण म्हणताना आधी सात म्हणतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहितो, मग सात. म्हणून दुसरीतील अनेक मुले सत्तावीस ऐकून ७२ लिहितात. या अडचणीवर तोड म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची पर्यायी रीत दिली गेली, तेव्हा केवढा गहजब झाला! वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत चेष्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी शांतपणे मुलांची अडचण समजावून सांगितली. त्या २०२३ साली निवर्तल्या. टीकाकारांपैकी दुसरीच्या मुलांच्या वह्या किती जणांनी तपासल्या होत्या, कोण जाणे.

बाईंनी वह्या तपासल्या आहेत. म्हणून त्यांची कृती वेगळी आहे. पडद्यावर काड्या आहेत: दहा-दहांची जुडगी आणि सुट्या. (एके काळी काड्यापेट्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अंबरनाथच्या शेजारी हे होते आहे, याची मौज वाटते.) यंत्र 'सत्तावीस' म्हणते, मुलाने जुडगी आणि काड्या ओढून तेवढा ढीग करावयाचा. मुलाने सात जुडगी व दोन काड्या मांडल्या, तर बाजारात मिळणारी आज्ञावली लाल फुली दाखवून 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' असे सांगते. बाईंची आज्ञावली तसे सांगत नाही. ती मुलाने केलेल्या ढिगाकडे बोट दाखवून 'हे बाहत्तर झाले' असे म्हणते आणि शेजारी दोन जुडगी व सात काड्या मांडून गप्प बसते. मूल दोन्ही ढिगांकडे पाहते. बहुधा हसते. मग स्वतःच दुरुस्ती करते.

ही एक अट लिहावयास आज्ञावलीत चार ओळी लागल्या. पण मूल नेमके कोणत्या ठिकाणी घसरते हे ठाऊक असल्याखेरीज त्या चार ओळी सुचत नाहीत. बंगळूरच्या वातानुकूलित कचेरीतील अभियंत्याला आज्ञावलीची भाषा बाईंपेक्षा शतपटीने अधिक येत असेल. त्याला दुसरीचे मूल येत नाही. तेव्हा शिक्षकाने आज्ञावली लिहावयास शिकणे म्हणजे शिक्षकाने अभियंता होणे, असा अर्थ करू नये. वीस वर्षांत वह्यांवरून नजर फिरवून जे ज्ञान गोळा झाले आणि जे निवृत्तीबरोबर नाहीसे व्हावयाचे, ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशा रूपात लिहून ठेवणे, एवढाच तो उद्योग आहे.

मंडळातील दुसरे एक शिक्षक माध्यमिक शाळेत नववीला शिकवितात. त्यांनी आपल्या लोकलगाडीचाच आलेख केला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, बदलापूर ६८. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर अंतर. मुलाने गाडी निवडावी, सुटण्याची वेळ सरकवावी, आणि जलद गाडीची रेषा धीम्या गाडीच्या रेषेला कोठे छेदते ते पाहावे. कल्याणपुढे कर्जतच्या दिशेने जलद गाडीही प्रत्येक स्थानकावर थांबते. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, एकही सुटत नाही. म्हणून आलेखात कल्याणनंतर दोन्ही रेषा समांतर होतात. "सर, म्हणजे आपल्याकडे आल्यावर फास्ट गाडी फास्ट राहतच नाही," असे एका मुलीने वर्गात म्हटले म्हणे. रेषेचा चढ म्हणजे वेग, ही गोष्ट तिला आता कोणी निराळी सांगण्याची गरज उरली नाही. शिवाय राजकीय अर्थशास्त्राचा एक धडाही तिने जाता जाता गिरविला, पण तो अभ्यासक्रमात नाही.

हा विचार नवा आहे, असे कोणी समजू नये. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. यंत्राने मुलाला पढवावे हा क्रम उलटा करून मुलानेच यंत्राला शिकवावे, अशी त्यांची धारणा होती. १९८० च्या त्यांच्या पुस्तकात ती सविस्तर आली आहे. पण त्यासाठी बोस्टनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला १९५७ पासून, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केले. मॉंटेसरीची परदेशी साधने महाग, म्हणून ती आदिवासी मुलांपर्यंत पोचणार नाहीत, हे ओळखून त्यांनी बिया, खडे, शंख-शिंपले, पाने यांतून साधने घडविली. त्यांची शिक्षिका साधनाची गिऱ्हाईक नव्हती. ती साधन घडविणारी होती. कात्रपच्या बाई आज पडद्यावर काड्यांची जुडगी बांधतात, तेव्हा त्या कोसबाडच्याच वाटेने चालल्या आहेत.

शासनाची वाट मात्र बहुतेक वेळा दुसरी राहिली. १९८४-८५ साली केंद्र शासनाने शाळांतून संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो ही यंत्रे आणविली. ती बनावटीने उत्तम होती. पण ठिकठिकाणी ती कुलूपबंद खोलीत राहिली आणि शिक्षक यंत्राचा राखणदार झाला. २०१५ नंतर महाराष्ट्रात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाबरोबर डिजिटल शाळांची लाट आली. तिच्यात शिक्षकांनी स्वतःच्या हिमतीवर पुष्कळ केले. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाड्याच्या शाळेचे नाव राज्यभर गाजले, आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. परंतु लोकवर्गणीतून आणलेल्या त्या पडद्यांवर पुढे काय दाखविले गेले, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या शाळेत जाऊन पाहावे. पुष्कळ ठिकाणी विकत घेतलेल्या चित्रफिती, आणि मुले पूर्वीसारखीच हाताची घडी घालून बसलेली! फळा जाऊन पडदा आला, एवढेच.

केरळने निराळे केले. तेथे २००१ पासून शालेय संगणक-शिक्षणाचा प्रकल्प शिक्षकांनीच उभा केला. मालकीहक्काच्या आज्ञावल्या नाकारून मुक्त आज्ञावलींचा आग्रह धरला, आणि त्यामागे शिक्षक संघटनांची ताकद होती. गणितासाठी जिओजेब्रा हे साधन तेथील नेहमीच्या वर्गात रुजले ते यामुळे. आपल्याकडेही पवईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातून अशा मुक्त साधनांचे पाठ अनेक भारतीय भाषांत विनामूल्य खुले केले आहेत. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक वस्तू निर्माण होऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

आणि येथेच आपल्या चळवळीचा मूळ प्रश्न येतो. जिओजेब्राची कथा मी त्या मंडळींना सांगितली, ती येथे सांगतो. २००१ साली ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने आपल्या पदवी-प्रबंधासाठी हे साधन बनविले. जगभरच्या शिक्षकांनी ते आपापल्या भाषांत नेले, त्याच्यावर लाखो कृती रचल्या, त्या एकमेकांना फुकट दिल्या. हे सर्व श्रम बिनपगारी, स्वेच्छेचे होते. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच देशातील बायजूज या कंपनीने ती संस्था सुमारे १० कोटी डॉलरला विकत घेतल्याचे जाहीर केले. साधन फुकटच राहील, असे आश्वासन दिले गेले. पुढे जुलै २०२४ मध्ये खुद्द बायजूजवरच राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या बंगळूर पीठापुढे दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. डेस्मॉस या दुसऱ्या प्रसिद्ध अमेरिकन साधनाचेही २०२२ साली दोन तुकडे झाले, आणि शिक्षकांनी ज्यावर कृती रचल्या तो वर्गासाठीचा भाग एका पाठ्यक्रम विकणाऱ्या कंपनीकडे गेला.

येथे नफेखोरांना शिव्या देऊन भागणार नाही. अर्थशास्त्र सांगते की ज्या वस्तूची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ शून्य खर्च येतो, ती वस्तू स्वभावतःच सार्वजनिक असते. तिला कुंपण घातल्याखेरीज तिच्यातून नफा निघत नाही. सत्तावीसची कृती एकदा लिहिली की ती राज्यातील प्रत्येक दुसरीच्या वर्गात जाऊ शकते, आणि बाईंच्या वर्गातून ती कमी होत नाही. गावच्या गायरानाला निदान चरणाऱ्या गुरांची मर्यादा असते. या गायरानाला तीही नाही. म्हणूनच त्याच्यावर डोळा आहे. २०२० साली नव्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून 'कोडिंग' आणण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बायजूजने व्हाइटहॅट ज्युनिअर ही कंपनी ३० कोटी डॉलरला घेतली. कोवळ्या वयात कोट्यधीश होणाऱ्या मुलांच्या तिच्या जाहिराती वाचकांना आठवत असतील. तेथे शिकविणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या घरून, तासावर शिकवीत, आणि वरून आलेला पाठ जसाच्या तसा म्हणून दाखवीत. एकाच शब्दाखाली दोन विरुद्ध गोष्टी चालतात, त्या अशा.

कायद्याकडेही पाहू. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार अधिनियमात संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती मानली आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आमच्या बाई लेखिका ठरल्या. पण त्याच अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात निर्माण केलेल्या कृतीची पहिली मालकी, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जाते. रविवारी, स्वतःच्या घरी, स्वतःच्या मुलाच्या जुन्या संगणकावर लिहिलेली कृती 'नोकरीच्या ओघात' धरावयाची काय? मंडळातील एक शिक्षिका खाजगी विनाअनुदानित शाळेत आहेत. त्यांच्या संस्थाचालकांनी त्यांच्याकडून तयार कृती मागून घेतल्या, आपल्या नावाने पालकसभेत दाखविल्या, आणि त्या महिन्याचा पगार नेहमीप्रमाणे उशिरा दिला. शाळेचे नाव लिहीत नाही. लिहिले तर त्यांची नोकरी जाईल.

काही साथी म्हणतील: शाळेला छप्पर नाही, बिल थकले म्हणून वीज तोडली जाते, पटसंख्या कमी म्हणून शाळाच बंद करावयाच्या गोष्टी चालल्या आहेत, आणि प्राध्यापकमहाशय आज्ञावल्या घेऊन बसले! आक्षेप मला मान्य आहे, छप्पर आधी. परंतु शिक्षक आज संगणकापासून दूर आहे, ही समजूत खरी नाही. तो दिवसभर त्याच्यापुढेच असतो, मुलांसाठी नव्हे, तर माहिती भरण्यासाठी. पोषण आहाराचे ताट किती जणांनी घेतले, 'सरल'वर नोंद झाली काय, यू-डायसचा तक्ता पुरा झाला काय. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे सांगते. आणि त्या तीन अपवादांच्या दारातूनच शाळेचे कितीतरी दिवस बाहेर जातात. यंत्राचा कारकून म्हणून शिक्षकाचा वेळ राज्यसत्तेला हवा आहे. यंत्राचा कर्ता म्हणून त्याला वेळ द्यावयास तिची तयारी नाही.

बाईंना ती एक कृती पुरी करावयास पाच रविवार लागले. हे पाच रविवार कोणाच्या हिशेबात आहेत? मंडळातील सर्वांत तरुण सभासद शिक्षणसेवक आहे. २०२३ साली वाढ होऊन त्याला प्राथमिक शाळेत दरमहा १६,००० रुपये मानधन मिळते, त्यातून तो बदलापुरात खोलीचे भाडे भरतो, आणि तोच सर्वांत झपाट्याने शिकतो आहे. त्याच्या उत्साहाचे कौतुक करून मोकळे होणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. त्यागावर शाळा चालविण्याची आपली परंपरा थोर खरी, पण त्या परंपरेच्या आडून शासनाने फार वर्षे स्वस्तात काम करून घेतले आहे.

उलट बाजूचे भयही आहे. उद्या एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात येईल आणि परिपत्रक निघेल: प्रत्येक शिक्षकाने वर्षाला पाच कृती तयार करून संकेतस्थळावर चढवाव्यात, न केल्यास वेतनवाढ रोखण्यात येईल. मग त्या रविवारच्या खोलीतील हास्य तेवढ्यापुरतेच संपेल, आणि कृतीही एकमेकांच्या नकलून चढविल्या जातील. ज्याला शिकावयाचे आहे त्याला वेळ द्यावा, ज्याला नको त्याला खडू-फळ्याने उत्तम शिकविण्याचा पूर्ण अधिकार असावा. मला स्वतःला उत्तम शिकविले ते खडूनेच.

शिक्षक संघटनांतील आपल्या कार्यकर्त्यांनी वेतन आयोगाच्या आणि जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागण्यांशेजारी या प्रश्नाला जागा द्यावी, असे मला वाटते. आठवड्यातील दोन तासिका कृतिरचनेसाठी कामाचा वेळ म्हणून मोजल्या जाव्यात. शिक्षकाने केलेल्या कृतीवर त्याचे नाव राहावे, ती मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली असावी, आणि कोणत्याही संस्थेला किंवा कंपनीला तिला कुंपण घालता येऊ नये. ती साठविण्याची जागा राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेने वा बालभारतीने सार्वजनिक खर्चाने सांभाळावी, विकत घेता येण्याजोग्या परक्या घरात ती राहू नये. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळांसाठी हिशेबासारखे व्यवहारोपयोगी विषय आणि शिक्षकांसाठी बरे वेतन या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात मागितल्या होत्या, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे.

कात्रपच्या मंडळाने तूर्त आपल्यापुरता निर्णय घेतला आहे. त्यांची प्रत्येक कृती तिच्या मूळ आज्ञावलीसह मागेल त्याला दिली जाते. अट एकच, जो सुधारेल त्याने सुधारलेली प्रत परत पाठवावी. गेल्या रविवारी बाईंनी मला पुन्हा वर बोलाविले. सत्तावीसची कृती मुरबाडच्या एका गुरुजींकडे गेली होती. त्यांच्या वर्गातील मुले एकोणतीस ऐकून तीन जुडगी आणि नऊ काड्या मांडतात, कारण कानावर 'तीस' पडते. गुरुजींनी एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशा सर्व संख्यांसाठी एक अट वाढवून आज्ञावली परत पाठविली आहे. एके ठिकाणी कंस राहिला होता. तो शोधण्यात आमचा चहा निवाला.